टायर फुटतो तो जास्त हवेने की कमी हवेने?



छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेकडून समृद्धी महामार्ग जातो, हे तुम्हांला माहीत आहेच. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपासून मुंबईजवळच्या आमणेपर्यंतचा ७०१ किलोमीटरांचा मार्ग सलग झाला. आपल्याकडच्या मोटारी सावंगी किंवा माळीवाडा येथून ह्या मार्गावर चढतात. हलक्या मोटारींना येथे ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची परवानगी आहे.

ह्याच मार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्याही तुम्ही वाचल्या असतील. २०२३ साली परिवहन खात्याने मार्गाच्या प्रवेशापाशी गाड्यांचे टायर तपासण्यास सुरुवात केली, ती ह्याच काळजीपोटी. ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारीचा एक टायर अचानक बसला, तर ती सावरायला चालकाजवळ जेमतेम एक-दोन सेकंद असतात, आणि आत बहुधा एक सबंध कुटुंब बसलेले असते.

ह्यावर आपल्याकडे एक उपाय सर्रास सांगितला जातो. हवा भरायला गेले की शेजारचा कोणीतरी म्हणतो, “उन्हाळा आहे. हवा तापली की फुगते. दोन-चार पौंड कमीच भरा, नाहीतर टायर फुटेल.” ह्या बोलण्यामागचा तर्क अगदी सरळ वाटतो. तापवलेला वायू प्रसरण पावतो हे तर तुम्ही शाळेत शिकला आहात. मग हा सल्ला बरोबर आहे काय? पदार्थविज्ञानात असा प्रश्न पडला की वाद घालण्याऐवजी गणित करून पाहावे. आपणही तेच करू या.

‘३३ ची हवा’ म्हणजे काय?

समजा, तुमच्या मोटारीला ३३ ची हवा भरायची आहे. हा आकडा दाबाचा आहे. टायरच्या आतील पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस इंचावर हवा ३३ पौंड वजनाइतका जोर लावते, असा त्याचा अर्थ. आपल्या मेट्रिक मापात सांगायचे तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २.३ किलोग्रॅम वजनाइतका.

पण येथे एक खोच आहे. टायर पूर्ण बसला म्हणजे दाबमापक शून्य दाखवतो. त्या वेळी टायरमध्ये हवाच नसते काय? असते तर! तिचा दाब बाहेरच्या वातावरणाइतकाच असतो, एवढेच. म्हणजे दाबमापक खरा संपूर्ण दाब दाखवत नाही. वातावरणापेक्षा आत किती जास्त दाब आहे, तेवढेच तो सांगतो.

समुद्रकाठी, उदाहरणार्थ मुंबईला, वातावरणाचा दाब दर चौरस इंचाला सुमारे १४.७ पौंड असतो. आपले संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच आहे. येथे डोक्यावरचा हवेचा थर तेवढा कमी, म्हणून दाबही कमी, सुमारे १३.७ पौंड. तेव्हा ३३ ची हवा भरलेल्या टायरमधील खरा दाब, ज्याला निरपेक्ष दाब म्हणतात, तो ३३ + १३.७ = ४६.७ पौंड होतो. वायूंचे नियम ह्या निरपेक्ष दाबालाच लागू पडतात, हे ध्यानात ठेवा.

उन्हाने दाब किती वाढतो?

आता गे-ल्युसॅकचा नियम आठवा. वायूचे आकारमान कायम राहिले, तर त्याचा निरपेक्ष दाब निरपेक्ष तापमानाच्या समप्रमाणात बदलतो. टायरचे आकारमान फारसे बदलत नाही, म्हणून हा नियम येथे चालतो. निरपेक्ष तापमान काढण्यासाठी सेल्सिअस अंशांत २७३ मिळवायचे.

मे महिन्यातल्या सकाळी तापमान २७ अंश असताना, म्हणजे ३०० केल्व्हिनला, आपण ३३ ची हवा भरली. दुपारपर्यंत गाडी धावून टायरमधील हवा ५७ अंशांवर, म्हणजे ३३० केल्व्हिनवर गेली. तापमानाचे गुणोत्तर ३३० भागिले ३००, म्हणजे १.१. म्हणून

नवा निरपेक्ष दाब = ४६.७ × १.१ = ५१.४ पौंड (सुमारे)
दाबमापकावरील दाब = ५१.४ – १३.७ = ३७.७ पौंड

२७ अंशांचे ५७ अंश झाले म्हणून दाब दुप्पट झाला, असे जर कोणी म्हणाला तर त्याने सेल्सिअस आणि केल्व्हिन यांत गल्लत केली आहे. प्रत्यक्षात दाब ३३ वरून सुमारे ३८ वर गेला, वाढ पाच पौंडांहूनही कमी. टायर बनवणाऱ्यांना ही वाढ होणार हे ठाऊक असते. ती हिशेबात धरूनच ‘थंड टायरमध्ये ३३’ असा आकडा ठरवलेला असतो. टायरच्या रबरात पॉलिएस्टर, नायलॉन अशा दोऱ्यांचे थर आणि पोलादी तारांचे पट्टे गुंफलेले असतात. असा नवा, निर्दोष टायर केवळ आतल्या दाबाने फोडायचा, तर ३८ च्या कितीतरी पट दाब लागेल.

म्हणजे ‘हवा तापली की दाब वाढतो’ हे खरे, पण ‘त्या वाढीनेच टायर फुटतो’ हे खरे नाही. मग टायर फुटतो कशाने? त्याचे उत्तर बरोबर उलट बाजूला आहे.

मोटारीचा भार कोण उचलते?

१८८८ साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप ह्या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेचे टायर बसवले. त्याच्याही आधी, १८४५ साली, रॉबर्ट विल्यम थॉमसन ह्याने अशा टायरचे पेटंट घेतले होते. दोघांची मूळ कल्पना एकच होती: गाडीचा भार घन रबराने न पेलता कोंडलेल्या हवेने पेलावा. आजही मोटारीचा बहुतेक सर्व भार रबर उचलत नाही, हवा उचलते. रबराचे काम हवेला कोंडून धरण्याचे आणि रस्त्याला घट्ट पकडण्याचे.

समजा, माणसे व सामान धरून मोटारीचे वजन १२०० किलोग्रॅम आहे. एका चाकावर ३०० किलोग्रॅम आले. टायर रस्त्याला टेकतो तेथे तो चपटा होतो. तो किती चपटा होईल? जितक्या क्षेत्रफळावर आतला दाब ३०० किलोग्रॅमचा भार तोलू शकेल, तितका.

३३ पौंड दाबाला (दर चौ. सें.मी.ला २.३२ किलोग्रॅम): ३०० ÷ २.३२ = सुमारे १२९ चौ. सें.मी.
२४ पौंड दाबाला (दर चौ. सें.मी.ला १.६९ किलोग्रॅम): ३०० ÷ १.६९ = सुमारे १७८ चौ. सें.मी.

टायरला स्वतःचा थोडा ताठपणा असतो, म्हणून प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे येतात. परंतु अंदाजाला हे पुरेत. पाहा, १२०० किलोग्रॅमची गाडी ज्या चार ठिपक्यांवर उभी असते, त्यांतील प्रत्येक तुमच्या तळहाताएवढाच असतो! त्याची रुंदी १३ सें.मी. धरली, तर ३३ ला त्याची लांबी १० सें.मी. आणि २४ ला जवळजवळ १४ सें.मी. होते. रुंदी फारशी वाढू शकत नाही, म्हणून हवा कमी झाली की टायर लांबीत अधिक चपटा होतो आणि त्याच्या बाजूंची भिंत अधिक वाकते. खरी गोम आहे ती ह्या वाकण्यात.

करून पाहा

पहिला प्रयोग: एक रुंद रबरी पट्टा घ्या. तो वरच्या ओठाला लावून पाहा, गार लागेल. आता तो भरभर पंचवीस-तीस वेळा ताणा, सैल सोडा आणि लगेच पुन्हा ओठाला लावा. तो कोमट लागेल.

दुसरा प्रयोग: रबरी चेंडू एक मीटर उंचीवरून फरशीवर सोडा. तो पुन्हा एक मीटर उसळतो काय? नाही. आपटताना रबर दबते, पण दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही. काही भाग रबरातच उष्णतेच्या रूपाने राहतो.

टायरचेही असेच आहे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग एकदा रस्त्याशी येतो, दबतो, वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. दर वाकण्याला थोडी उष्णता निर्माण होते. असे वाकणे किती वेळा घडते ते पाहू. अनेक लहान मोटारींच्या टायरवर १८५/६५ आर १५ असे छापलेले असते. ह्यात १८५ ही मिलिमीटरमध्ये टायरची रुंदी, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आणि १५ हा रिमचा इंचांतला व्यास. ह्यावरून टायरचा व्यास सुमारे ६२ सें.मी. आणि परीघ सुमारे १.९५ मीटर येतो. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला १७ फेरे घेते! समृद्धी महामार्गावरून ४०० किलोमीटर गेलात, तर टायरचा प्रत्येक भाग दोन लाखांहून अधिक वेळा वाकून सरळ होतो.

हवा बरोबर असेल तर वाकणे थोडे असते. जेवढी उष्णता निर्माण होते तेवढी वाऱ्याने निघून जाते आणि तापमान एका ठरावीक मर्यादेत स्थिर राहते. हवा कमी असेल तर वाकणे वाढते, उष्णता बाहेर जाते त्याहून जास्त वेगाने तयार होते, आणि टायर तापतच जातो. वेग वाढला की दर सेकंदाचे वाकणे वाढते. डिकीत सामान वाढले की चपटेपणा वाढतो. आणि मे महिन्यातले ऊन बाहेर जाणाऱ्या उष्णतेची वाट अडवते. चारही गोष्टी एकत्र आल्या की रबर आणि दोरे-तारा यांना जोडून ठेवणारी पकड सैल होऊ लागते.

त्यात आणखी एक भर. टायरच्या बाहेरच्या कडेला बसलेला रबराचा १० ग्रॅमचा तुकडा घ्या. ताशी १२० किलोमीटर वेगाला त्या तुकड्याला गोल फिरत ठेवण्यासाठी साडेतीन किलोग्रॅम वजनाहून अधिक बलाने आत ओढून धरावे लागते. पकड सैल झाली की थर सुटतो, किंवा वाकून वाकून शिणलेली बाजूची भिंत फाटते. क्षणार्धात सगळी हवा निघून जाते. लोक म्हणतात, “टायर फुटला.” खरे पाहता तो फुटण्याची तयारी तासभर आधीपासून, कमी हवेने, मुकाट्याने चालू असते.

हवा काढणाऱ्याचे गणित

आता आपल्या त्या सल्ल्याकडे परत या. एका गृहस्थांनी उन्हाळा म्हणून ३३ ऐवजी २८ च भरली. दुपारी वाटेत त्यांनी हवा तपासली. वरच्याच रीतीने ५७ अंशांना दाब ३२ दिसला. “पाहा, वाढलीच!” असे म्हणून त्यांनी हवा सोडून पुन्हा २८ केली. ह्या टायरचा थंड दाब आता किती राहिला?

निरपेक्ष दाब = २८ + १३.७ = ४१.७
२७ अंशांना तो होईल ४१.७ ÷ १.१ = ३७.९
दाबमापकावर ३७.९ – १३.७ = २४.२ पौंड

३३ च्या जागी २४! टायर फुटू नये म्हणून केलेल्या उपायानेच टायर फुटण्याची वाट मोकळी झाली. पुढे कमी हवेमुळे टायर अधिक तापला, तर दाबमापक पुन्हा वाढ दाखवील आणि गृहस्थ पुन्हा हवा सोडतील. तापलेल्या टायरमधून हवा कधीही सोडू नये, असे का म्हणतात ते आता ध्यानात आले ना?

हे केवळ कागदावरचे गणित नाही. अमेरिकेत २००० साली फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. त्यांपैकी बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर ह्या गाडीला बसवलेले होते. धावताना टायरचा वरचा थर सुटे, गाडी उलटे, आणि असे बहुतेक अपघात उष्ण हवामानाच्या राज्यांत, वेगाने जाताना घडत. सरकारी नोंदीप्रमाणे ह्या टायरांशी संबंधित अपघातांत २७१ माणसे मरण पावली. टायरच्या बांधणीत दोष होताच. परंतु ह्या गाडीसाठी २६ पौंड एवढाच दाब सुचवलेला होता, ही गोष्टही चौकशीत पुढे आली. टायर कंपनीने पुढे ३० पौंड दाब ठेवण्यास सांगितले. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला आणि त्याप्रमाणे सप्टेंबर २००७ पासून तेथील प्रत्येक नव्या हलक्या वाहनात टायरचा दाब कमी झाल्याची सूचना देणारा दिवा असणे सक्तीचे झाले. हा दिवा केव्हा लागावा? ठरवून दिलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्क्यांनी कमी झाली की. ३३ च्या २५ टक्के कमी म्हणजे सुमारे २४.८. आपल्या गृहस्थांच्या गाडीत हा दिवा असता, तर टायर थंड झाल्यावर तो लागला असता!

मग भरपूर भरावी काय?

तसेही नाही. ठरलेल्यापेक्षा पुष्कळ जास्त हवा भरली, तर टायर फुगून फक्त मधल्या पट्टीवर चालतो. रस्त्याशी संपर्क घटतो, पकड कमी होते, ब्रेक लावल्यावर गाडी घसरू शकते आणि खड्ड्याचा धक्का टायरला सोसत नाही. टायरची झीज पाहूनही हे ओळखता येते. दोन्ही कडा अधिक झिजलेल्या असतील तर बरेच दिवस हवा कमी होती. मधला भाग अधिक झिजला असेल तर हवा जास्त होती.

पुष्कळ ठिकाणी नायट्रोजन भरून मिळतो. त्याने दाब वाढतच नाही असा काहींचा समज असतो. पण तुमच्या आमच्या भोवतीच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि वायूंचा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे. नायट्रोजन कोरडा असतो आणि रबरातून तो ऑक्सिजनपेक्षा सावकाश झिरपतो, एवढा त्याचा फायदा खरा. दाब तपासण्यातून मात्र तो कोणाची सुटका करत नाही.

तुम्ही काय करू शकाल?

तुम्हांला गाडी चालवता येत नसली, तरी दाबमापक वाचता येतो. घरी, ओळखीच्या कोणाकडे किंवा शेजारी मोटार असेल, तर मोठ्यांच्या परवानगीने हे काम तुम्ही अंगावर घ्या.

१. चालकाच्या बाजूचे दार उघडा. चौकटीच्या खांबावर बहुधा एक पट्टी चिकटवलेली असते. तीवर पुढच्या व मागच्या टायरचा थंड दाब दिलेला असतो. सामान व माणसे भरून जायचे असेल तर त्यासाठी निराळा आकडा असतो. हाच आकडा प्रमाण माना. टायरच्या बाजूवर छापलेला सर्वांत मोठा आकडा ही वरची मर्यादा असते, भरायचा दाब नव्हे.

२. दाब नेहमी थंड टायरचा, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिल्यानंतर, शक्यतो सकाळी पाहावा. प्रवासात हवा भरावीच लागली, तर पुन्हा टायर थंड झाल्यावर तपासावी.

३. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी तपासणी करा. चांगल्या टायरमधूनही दर महिन्याला साधारण एक पौंड हवा झिरपून जाते. शिवाय थंडीत दाब उतरतो. २७ अंशांना भरलेली ३३ ची हवा डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना कोठेही न गळता ३०.७ दाखवते.

४. स्टेपनी विसरू नका, आणि व्हॉल्व्हची टोपी बसवल्याशिवाय उठू नका. टोपी नसली की धूळ आत शिरते.

५. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३२२ म्हणजे २०२२ सालच्या २३ व्या आठवड्यात बनवलेला. रबर पडून राहिले तरी जुने होते. बाजूवर भेगा, फुगवटा किंवा चीर दिसली, तर मोठ्यांना लगेच दाखवा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरहून कमी झाली असेल, तर तो टायर बदलायलाच हवा. जुन्या, भेगाळलेल्या टायरला बरोबर भरलेली हवाही वाचवू शकत नाही.

सोडवून पाहा

१. मुंबईला २७ अंशांना ३३ ची हवा भरलेली गाडी संभाजीनगरला आली. येथेही टायरमधील तापमान २७ अंशच आहे. दाबमापक किती दाखवील? हवा तर कोणी भरलेली नाही!

२. सायकलच्या चाकांना किंचित ओल करून ती आलेख कागदावर उभी करा, वर बसा आणि मित्राला सायकल धरायला सांगा. दोन्ही ठशांचे चौरस मोजा. क्षेत्रफळ आणि तुमचे व सायकलचे वजन यांवरून टायरमधील दाब काढा.

३. सायकलवर भार मोटारीपेक्षा कितीतरी कमी असतो. तरीही तिच्या बारीक टायरमध्ये दाब मोटारीपेक्षा जास्त का ठेवावा लागतो?